जपानी एन गेज लेआउटच्या नावाखाली फसवणूक: पुरावे जाहिरातीतच होते

एन गेज म्हणजे 9 मिमी रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्या आणि लेआउट म्हणजे त्यांचा फळीवर मांडलेला मार्ग. जाहिरात अशी होती: 600×900 मिमीची फळी, तिच्यावर काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचा दुहेरी लंबगोल मार्ग, आतले वळण 282 आणि बाहेरचे 315 मिमी त्रिज्येचे, सोबत तोक्योच्या यामानोते मार्गावरची ई235 गाडीचे मॉडेल, पॉवर पॅक (रुळांना वीज पुरवणारे यंत्र) आणि सगळे नीट मावेल अशी साठवणीची पेटी. किंमत 48,000 रुपये. निम्मे आगाऊ, उरलेले ओसाकाहून पार्सल निघण्याआधी. मुंबईतल्या खरेदीदाराने दोन्ही हप्ते विक्रेत्याच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर भरले. हातात आला तो एकेरी मार्गाचा वाकलेला एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) तुकडा, इंजिन नसलेले चार डबे आणि आपल्याकडच्या विजेवर जळणारा अडॅप्टर. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले.

जपानी एन गेज आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, म्हणून लोक अशा ओळखीपाळखीच्या व्यवहारांवर भिस्त ठेवतात. पण ही जाहिरात मोजपट्टीपुढे टिकणारी नव्हतीच.

युनिट्रॅकची नेहमीची वळणे 249, 282, 315 आणि 348 मिमी त्रिज्येची असतात. शेजारच्या दोन मार्गांत 33 मिमी अंतर राहते. त्रिज्या रुळांच्या मध्यरेषेपर्यंत मोजतात आणि रुळाखालचा प्लॅस्टिकचा भराव 25 मिमी रुंद असतो. म्हणजे 315 चे अर्धवर्तुळ बसवायला 630 अधिक 25, एकूण 655 मिमी रुंदी हवी. फळी 600 ची. वळण 55 मिमी बाहेर लोंबणार! 600 मध्ये दुहेरी मार्ग बसतो, पण तो 249 आणि 282 चा (564 अधिक 25, म्हणजे 589), आणि तोही दोन्ही कडांना जेमतेम 5 मिमी जागा ठेवून. एवढ्या काठावरून गाडी घसरली तर ती थेट जमिनीवर जाते, म्हणून जाणकार कडेला उभी पट्टी लावतात.

लांबीचा हिशोब तर आणखी उघड होता. युनिट्रॅकचा नेहमीचा सरळ तुकडा 248 मिमीचा, आणि जाहिरातीतल्या फोटोत प्रत्येक सरळ बाजूला असे तीन तुकडे स्पष्ट मोजता येत होते. तीन तुकड्यांचे 744, त्यात दोन्ही टोकांच्या वळणांचे 655 मिळवा: 1399 मिमी. फोटोतली फळी किमान 1400 मिमी लांब होती. फोटो दुसऱ्याच कोणाच्या लेआउटचा होता. तुकड्यांमधले जोड फोटो मोठा केला की दिसतात. ते मोजायला पाच मिनिटे पुरतात. टोमिक्स या दुसऱ्या जपानी ब्रँडचे रूळ असतील तर आकडे बदलतात: सरळ तुकडा 280 चा, वळणे 243, 280, 317 आणि 354 ची, मार्गांमध्ये अंतर 37. या दोन कंपन्यांचे रूळ थेट एकमेकांत अडकत नाहीत, तेव्हा 'मिश्र रूळ, सगळे जुळतात' असे कोणी लिहिले तर तिथेच थांबा.

गाडीतली चलाखी जास्त वाईट, कारण डब्यांची पेटी अस्सल होती. जपानी लोकल गाड्यांचे मॉडेल बहुधा दोन भागांत विकतात. मूळ संचात दोन्ही टोकांचे चालकडबे आणि मोटर असलेला एक डबा. जोड संचात फक्त मधले डबे, बहुतेक वेळा मोटरशिवाय. ई235 ची खरी गाडी 11 डब्यांची, म्हणून मॉडेलही असेच तुकड्यांत येते. इथे जोड संच 'पूर्ण गाडी' म्हणून खपवला. पेटीवरची माहिती जपानीत असल्याने खरेदीदाराला पत्ता लागला नाही. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घेतले असते तर लागला असता.

प्रत्येक डब्याच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. मोटरच्या डब्याच्या चाकांच्या जोडीला दातेरी चक्रे दिसतात, काही चाकांवर रबरी कडे असते आणि डबा हाताला स्पष्ट जड लागतो. मग व्हिडिओ मागा: रुळाच्या दोन पट्ट्यांना 9 व्होल्टच्या बॅटरीची टोके लावायची, गाडी चालली पाहिजे. टोके उलटी केली की तिने उलट जायला हवे आणि पुढचा पांढरा दिवा विझून तिथे लाल लागायला हवा. यासाठी पॉवर पॅक लागत नाही, त्यामुळे 'इथे वीज वेगळी आहे' ही सबब चालत नाही. सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) असतील तर तेही दोन्ही बाजूंना बदलून दाखवायला सांगा. वीज सतत सोडली गेल्याने गुंडाळी जळालेला सांधा बाहेरून अगदी नवा दिसतो.

अडॅप्टरबद्दल: त्यावर इनपुट 100 व्होल्ट लिहिले असेल तर तो 230 च्या सॉकेटमध्ये लावू नका. चपट्या पिनांना लावायचा कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब कमी करत नाही. 230 चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मर हवा.

साठवणीच्या पेटीतला जुना फोम दमट हवेने विरघळल्यासारखा चिकट झाला होता आणि डब्यांवरची अक्षरे घेऊन सुटला. युरेथेन फोमचे हे ठरलेलेच आहे. कोकणपट्टीत तर जास्तच. असा फोम लगेच फेकून डबे मऊ टिश्यू कागदात गुंडाळून सिलिका जेलसोबत ठेवावेत. फळीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट नव्हती, म्हणून उभी ठेवल्यावर ती वाकली आणि रुळांचे जोड उघडले. विकत घेताना फळीवर तिरकी लांब पट्टी ठेवून फोटो मागितला की बाक लपत नाही.

पार्सल ओसाकाहून निघालेच नव्हते. जपानी टपालाने आलेल्या नोंदणीकृत पार्सलचा क्रमांक दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी जेपी असा असतो. विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकाच्या शेवटी आयएन होते, म्हणजे ते भारतातल्याच टपालात पडले होते. तरीही त्याने मध्येच 'कस्टम्समध्ये अडकलंय' म्हणून आणखी पैसे मागितले. कस्टम्सचे शुल्क टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते, ते कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. सुदैवाने ही तिसरी रक्कम भरली गेली नाही.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचे यूटीआर क्रमांक, पार्सलचे वेष्टन आणि त्यावरचे चिकटपत्र जपून ठेवा. पेटी उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तर 'तुम्हीच डबा बदलला' असे उलटे बोलायला जागा राहत नाही. आणि असे मोटर नसलेले मधले डबे पदरी पडले असतील तर ते फेकू नका: त्याच मॉडेलचा मूळ संच मिळाला तर ते त्याला जोडून चालतात.