खर्रा आणि कॅन्सर: धोका सांगायचा तर ‘पट’, ‘शंभरात किती’, फोटो की गुण?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल काही टाकायचं ठरवलंय? तुम्ही सरपंच असा, गटप्रवर्तक असा की शाळेतले गुरुजी, वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: माझं काय? त्याचं उत्तर द्यायच्या चार पद्धती सध्या चालतात.

‘इतक्या पट धोका’. फॉरवर्डमध्ये हीच जास्त फिरते. पण कशाच्या पट, ते कोणी सांगत नाही. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात तो ७,००० बायकांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. विषय कॅन्सरचा नव्हता, पण घोळ तोच.

‘शंभरात किती’. माझं मत हिच्या बाजूनं आहे, मात्र कोणते शंभर आणि किती वर्षांत, हे सांगायलाच हवं. खर्र्यातल्या सुपारीनं गालाचा आतला पडदा हळूहळू कडक होतो, तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण १७ वर्षं पाहण्यात ठेवले होते. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे शंभराला साधारण आठ. पाहणी लहान आहे, आणि हा आकडा तोंड आधीच आखडलेल्यांचा आहे, खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचा नाही. दोन्ही गोष्टी त्याच मेसेजमध्ये लिहा.

अडचण पानठेल्यावर येते. “म्हंजे ब्याण्णव वाचले ना भाऊ!” प्रत्येक जण स्वतःला त्या ब्याण्णवांतच धरतो. त्याला सांगायचं, की आखडलेलं तोंड सहसा पहिल्यासारखं होत नाही. कॅन्सर झाला नाही तरी घास घेताना त्रास आहेच आणि ठेचा तोंडाला लावता येत नाही.

फोटो. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग इशाऱ्याच्या चित्रानं आणि मजकुरानं व्यापलेला असतो. खर्रा मात्र ठेल्यावर डोळ्यांसमोर घोटला जातो आणि साध्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधून हातात येतो. त्या पन्नीवर कसलं चित्र? म्हणून फोनवर फोटो टाकण्यात अर्थ आहे, पण गाल फुटलेला नको. तो पाहून पोट्टे म्हणतात, ‘आपलं काही एवढं झालं नाही.’ गालाच्या आतला सुरुवातीचा पांढरा चट्टा दाखवा.

गुण आणि कॅल्क्युलेटर. आशाताई तिशीपुढच्यांचा आजारांच्या धोक्याचा फॉर्म भरतात, त्यात चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. पण हे गुण बीपी, शुगर, कॅन्सर सगळ्यांचे मिळून आहेत. रोज खर्रा खाणारा, वावरात राबणारा, सडपातळ, दारू न पिणारा पस्तिशीचा माणूस चारच्या वर जात नाही. ‘माझे गुण कमी आले’ म्हणून तो निर्धास्त! त्याच्या तोंडाची खरी खबर त्याच फॉर्मच्या लक्षणांच्या भागात असते, म्हणून गुण ग्रुपवर टाकूच नका. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरचंही तसंच. स्तनाच्या कॅन्सरचा धोका टक्क्यांत सांगणारं गेल मॉडेल अमेरिकेतल्या बायकांच्या माहितीवर बेतलेलं आहे. आपल्या गावच्या बाईला त्यातली टक्केवारी सांगू नये.

माझ्या हिशेबानं ‘शंभरात किती’ आणि सुरुवातीच्या चट्ट्याचा फोटो ही जोडी घ्या, आणि आकड्याच्या आधी घरच्या घरी करायची तपासणी द्या. मजकूर असा चालेल:

“खर्रा खाता? स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये उभी घालून पाहा. जात नसतील, तिखटानं आग होत असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तोंड आखडलेल्या ६६ रुग्णांच्या एका लहान पाहणीत १७ वर्षांत पाच जणांना, म्हणजे शंभराला साधारण आठ जणांना, कॅन्सर झाला. हा आकडा खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचा नाही.”

रुग्णाला पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे, तेही खाली लिहा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं रुग्णालय, जे गावाला जवळ पडेल ते. आणि हाच मजकूर आशाताईंच्या आवाजात वऱ्हाडीत रेकॉर्ड करून टाका. ग्रुपवरचे निम्मे म्हातारे वाचत नाहीत, ऐकतात.