खासगी वकील, मोफत वकील की स्वतःच बाजू मांडायची?

कोर्टाची नोटीस आली की पहिला फोन ओळखीतल्या कुणाला तरी जातो: "चांगला वकील आहे का हो कुणी?" पण चांगला-वाईट ठरवण्याआधी वकील कोणत्या वाटेने घ्यायचा, ते ठरवायला हवं. भारतात वाटा तीन आहेत आणि लोकांना बहुधा एकच ठाऊक असते.

मोफत वकिलाबद्दल गैरसमज फार. "ती सोय गरिबांसाठी" हे अर्धसत्य आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. भरपूर पगाराची नोकरी करणारी बाईसुद्धा अर्ज करू शकते. बाकीच्यांसाठी मर्यादा राज्य सरकार ठरवतं. अर्ज तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा. 15100 या हेल्पलाइनवर चौकशी करता येते. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही त्यात येतो. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी दम नसेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

उणी बाजू अशी, की वकील बहुधा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून (ठरलेल्या यादीतून) नेमून मिळतो. मानधन बेताचं असल्यामुळे कुणी मन लावून लढतो, कुणी नुसती तारीख घेतो. काम पटलं नाही तर वकील बदलून मागा. आणि त्याने वरून पैसे मागितले, तर थेट प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा. ते न्यायिक अधिकारी असतात. फौजदारी प्रकरणांसाठी आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं, म्हणजे आरोपीची बाजू मोफत लढवणारी प्राधिकरणाची कार्यालयं, आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, त्यामुळे खिशात पैसे कमी असतील तर फौजदारीत माझं मत सरळ त्यांच्या बाजूने.

स्वतः उभं राहायचं तर जागा पाहून. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार चालवता येते आणि वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीही नाही. बिलं, मेसेज, पावत्या तारीखवार लावल्या की निम्मं काम झालं. कौटुंबिक न्यायालयात तर, 1984 च्या कायद्यानुसार, वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही. कोर्टाच्या परवानगीने तो येतो. पण जमिनीचा दावा किंवा मनाई हुकूम असेल तर हौस नको. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची असते, कोर्टाने वाढवून दिले तर 90. स्वतः लढताना एखादाच मुद्दा अडत असेल तर त्यापुरता तासभर सल्ला विकत घेणं स्वस्त पडतं.

राहिला खासगी वकील. इथे निवड तुमची, घाईच्या वेळी फोन उचलणारा माणूस तुमचा, आणि गुंतागुंतीच्या दिवाणी दाव्यात त्याला तोड नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, तेव्हा मोबाइलवरच्या चकचकीत यादीपेक्षा ज्या कोर्टात काम आहे तिथे अर्धा दिवस बसून कोण तयारीने उभं राहतं ते पाहावं. फी एकरकमी, टप्प्याटप्प्याने किंवा दर तारखेला अशी ठरते. दर तारखेची फी सुरुवातीला हलकी वाटते, पण तारीख नुसती पुढे ढकलली तरी मीटर चालूच. मी टप्प्यांच्या बाजूचा: दावा दाखल होताना इतके, पुरावा सुरू होताना इतके, युक्तिवादाला इतके. टायपिंग, नकला, ज्युनिअरची हजेरी, अपील यांतलं काय धरलंय आणि काय नाही, ते त्याच कागदावर लिहून घ्या. "जिंकलो तर अमुक टक्के" असं कुणी म्हणालं तर उठून या. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

वकीलपत्रावर सही करताना छापील मजकूर वाचा. तडजोड करणं, दावा काढून घेणं, कोर्टातून रक्कम उचलणं असे अधिकार त्यात बारीक अक्षरांत दिलेले असतात; नको ते खोडायला सांगा. दावा दाखल झाला की सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर तो टाकला की तारखेला काय झालं ते तुम्हालाच दिसतं, वकिलाला विचारत बसावं लागत नाही.

बिनसलंच, तर ग्राहक आयोगात वकिलाविरुद्ध जाता येत नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. पण फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असा निकाल याच न्यायालयाने 2000 साली दिला आहे.