काचेची तबकडी की ॲल्युमिनियमची?

मोडी कागदपत्रांच्या स्कॅन प्रती सांभाळायच्या असतील, तर हार्ड डिस्क किती टेराबाइटची यापेक्षा तिच्या आतली माहिती साठवणारी फिरती तबकडी कशाची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पिशवीत मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये ती बहुधा काचेची, तर टेबलावरच्या साडेतीन इंचीत बहुधा निकेल-फॉस्फरसचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. लातूरच्या घरी मी दोन्ही वापरल्या आहेत.

काचेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. माहिती वाचणारे-लिहिणारे हेड आदळले तरी तिला सहजी खड्डा पडत नाही आणि ती उष्णता अधिक सोसते. लेसरने तापवून लिहिणाऱ्या नव्या डिस्कमध्ये काच असते ती त्यामुळेच. शिवाय छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागत नाही, याचे मोल लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाच कळते.

मात्र एका उन्हाळ्यात चालू डिस्कची वायर माझ्याच पायात अडकली आणि ती शहाबादी फरशीवर पडली. उचलून कानाशी हलवली, तर आतून फुटक्या बांगड्यांसारखी किणकिण ऐकू आली. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले. आत नुसता चकचकीत चुरा. “काका, यातून आता काही निघत नाही,” एवढेच तो म्हणाला. त्याआधी साडेतीन इंचीही स्टुलावरून पडली होती, पण तिची तबकडी शाबूत राहिल्याने हेड बदलून निम्म्याहून अधिक फाइली परत मिळाल्या. दोन अपघातांवरून नियम काढू नये, हे मान्य; बंद असताना छोटी डिस्कच धक्का अधिक सोसते, असे उत्पादकांचे आकडेही सांगतात.

मग कार्बन तंतूंचे संमिश्र, म्हणजे रेझीनमध्ये घट्ट बसवलेले कार्बनचे तंतू, का नको, असे अभियांत्रिकीला असलेल्या पुतण्याने विचारले. कल्पना मोहक आहे, कारण त्याची घनता ॲल्युमिनियमच्या २.७ पुढे सुमारे १.६ आणि तंतूंच्या दिशेने ताठरपणा बराच जास्त. पण हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते आणि कार्बनचा एक तंतूच ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे हजारो नॅनोमीटर जाड असतो. रेझीन आणि तंतू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पातळ चादरीखालून घोंगडीची वीण जाणवावी तशी तंतूंची वीण पृष्ठभागावर उमटते आणि इतक्या जवळून तरंगणाऱ्या हेडला ती अडते.

रोज प्रवास असेल, तर छोटी डिस्क घ्यावी, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरी एका जागी राहणाऱ्या प्रतीसाठी मात्र मी ॲल्युमिनियमचीच घेईन. माझी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आहे, अडॅप्टर इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे आणि वायर भिंतीला क्लिपांनी ठोकली आहे.