लायपोसक्शन, टमी टक की चालणं? मापाच्या वहीतून

"मावशी, पोट काढून घेऊ काय?" ब्लाउजचं माप देता देता खानापूरच्या भाचीनं विचारलं. टेप तिच्या कमरेभोवतीच होती, साडेसदतीस इंचांवर. वय छत्तीस, दोन सिझर, वजन ७२ किलो. कोल्हापुरात चौकशी करून आली होती. तिथं कुणीतरी लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढून, "आठ-दहा किलो आरामात जातील" असं सांगितलं होतं.

मी डॉक्टर नाही, बेळगावच्या शहापुरात बावीस वर्षं शिलाई करते. पण एकाच बाईचं अंग लग्नाआधी, बाळंतपणानंतर आणि पन्नाशीत कसं बदलतं, ते माझ्या मापाच्या वह्यांत लिहून ठेवलेलं आहे. दोन गिऱ्हाइकांनी लायपोसक्शन करून घेतल्यावर मी हा विषय मुद्दाम वाचूनही काढला. भाचीला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट, पोट सगळ्यांचं एकसारखं नसतं. उभं राहून बेंबीशेजारची कातडी चिमटीत धरा. जाड, मऊ घडी हातात आली तर ती कातडीखालची चरबी. पोट पुढं आलंय, पण ताशासारखं टणक, चिमटीत फारसं काही येत नाही, तर चरबी आत आहे, आतड्यांभोवती. आपल्याकडच्या पुरुषांची ढेरी बहुतेक अशीच असते. तिसरी गोष्ट बाळंतपणाची. पाठीवर झोपून डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबा. दोन-तीन बोटं आत जात असतील तर पोटाचे स्नायू मधून फाकलेत. त्यावर सैल कातडीची झालर लोंबत असेल तर प्रश्न चरबीपेक्षा कातडीचा जास्त.

लायपोसक्शन यातल्या फक्त पहिल्या पोटाचं काम करतं. कातडीखाली सलाइन, भुलीचं औषध आणि रक्त कमी जावं म्हणून ॲड्रिनलिन सोडतात, मग बारीक भोकांतून नळी घालून चरबी ओढून घेतात. ही ओल्या भुलीची पद्धत १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी मांडली. तेव्हापासून रक्तस्राव बराच कमी झाला. बाटलीत जे दिसतं त्यात चरबीबरोबर पाणीही असतं, आणि एक लिटर निव्वळ चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅम. पाच लिटरच्या वर गेलं की डॉक्टर त्याला मोठं लायपोसक्शन म्हणतात आणि रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतात. आता "आठ-दहा किलो आरामात" याचा हिशोब तुम्हीच करा.

टमी टकमध्ये खालच्या पोटाची जादा कातडी कापून काढतात, फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, बेंबी नव्या जागी बसवतात. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. साडीत झाकला जातो, पण जात नाही. पहिले काही दिवस वाकूनच चालायचं, आणि साधारण सहा आठवडे घागर, सिलिंडर, मूल काही उचलायचं नाही. ज्या घरात सासू-नणंदेचा आधार नाही तिथं हे सहा आठवडे कसे काढणार ते आधी ठरवायचं. लायपोसक्शननंतर बाई आठवडाभरात हिंडू-फिरू लागते. पण घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे घालावा लागतो आणि सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने जातात. म्हणून मी अशा गिऱ्हाइकाला सांगते, लग्नाचे ब्लाउज घाईनं शिवायला टाकू नका, माप अजून बसलेलं नाही.

लोक फोटो बघतात ते तिसऱ्या महिन्यातले. वर्षानंतर काय होतं, ते विचारायला हवं. माझ्या एका गिऱ्हाइकानं मांड्या आणि खालचं पोट करून घेतलं होतं. सहा महिन्यांनी आली तेव्हा कंबर अडीच इंच कमी, मी स्वतः टक्स घातले. दीड वर्षानं तीच बाई तोच ब्लाउज घेऊन आली. कंबरेला ठीक, पण बरगड्यांखाली हूक लागेना आणि दंडात बाही रुतत होती. वजनकाटा होता तिथंच आला होता. मला वाटलं हिचं एकटीचंच असं झालं असेल. पण वाचताना नेमका हाच प्रकार सापडला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ बायकांची मांड्या-खालच्या पोटाची चरबी काढली होती, १८ जणींची नव्हती. सहा आठवड्यांनी फरक दिसला. वर्षानं दोन्ही गटांतली एकूण चरबी पुन्हा सारखीच. मांड्या बारीकच राहिल्या, पण पोटाकडं भरून आलं. गंमत म्हणजे हे कळल्यावरही ज्या १८ जणींना नंतर सवलतीत करून मिळणार होतं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी करून घेतलंच. मला ते वेडेपणाचं वाटत नाही. मांडी बारीक हवी होती, ती मिळाली.

असं होतं कारण काढलेल्या पेशी त्या जागी परत येत नाहीत, पण बाकीच्या पेशी फुगू शकतात. मोठ्या माणसात चरबीच्या पेशींची संख्या जवळजवळ ठरलेली असते, वर्षाला सुमारे १० टक्के जुन्या जातात आणि तेवढ्याच नव्या येतात, असं स्वीडनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. शरीर आपला साठा भरून काढतं, फक्त कप्पा बदलतो. आणि तो कप्पा आतला असला तर वाईट. ब्राझीलमध्ये २०१२ साली ३६ बायकांवर पाहिलं, पोटाचं लायपोसक्शन झाल्यावर ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांची आतड्यांभोवतीची चरबी सहा महिन्यांत १० टक्के वाढली. ज्यांनी व्यायाम धरला त्यांची वाढली नाही.

साखर आणि बीपीसाठी म्हणून कुणी हे करत असेल तर मात्र थांबा. २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालून नऊ-दहा किलो चरबी काढून पाहिली, त्यांतल्या सात जणी मधुमेही होत्या. दोन-तीन महिन्यांनी इन्शुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नाही. उलट २००२ च्या अमेरिकन चाचणीत वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भाचीचे ७ टक्के म्हणजे पाच किलो. आपल्या बायकांसाठी कंबरेची सुरक्षित मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. ती ९५ वर आहे.

चालण्याचा दोष हा, की चरबी कुठून जाईल ते आपण ठरवत नाही. बऱ्याच जणींचं तोंड आणि छाती आधी उतरते, ओटीपोट सगळ्यात शेवटी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायका मला हेच गाऱ्हाणं सांगतात, आणि त्यातल्या काही जणी परतताना खव्याचा कुंदा घेऊन जातात, ते मी बोलत नाही. सैल कातडी आणि फाकलेले स्नायू तर कितीही चाललं तरी पूर्वीसारखे होत नाहीत. वजन कमी करायची इंजेक्शनं आता आपल्याकडंही मिळतात. ती बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग परत येतो, एवढं लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोला.

आपल्या भागातल्या बायकांसाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. निपाणी-चिकोडीकडं कितीतरी घरांत अजून मिश्री लावतात, आणि डॉक्टरांनी "सिगारेट ओढता का" विचारलं की बाई खरं तेच सांगते, नाही. पण निकोटीन मिश्रीतूनही रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि टमी टकची जखम काळी पडू शकते. किमान चार आठवडे आधी बंद, आणि हे स्वतःहून सांगायचं. ऑपरेशन पुण्याला करून त्याच आठवड्यात सहा तास गाडीत बसून बेळगावला येणं हेही टाळा, पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते. संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करायची नाही. इथले बरेच डॉक्टर मराठी बोलतात, विचारायला लाजू नका. पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, पट्टा आणि नंतरच्या फेऱ्या सांगितलेल्या पैशांत धरल्यात का, तेही विचारा. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा पैसे देत नाही.

मग कुणी काय करावं? वजन वर्षभर एका जागी आहे, बाकी अंग बेताचं आणि एकाच ठिकाणी चिमटीत येणारा गोळा हटत नाही, तिनं लायपोसक्शनचा विचार जरूर करावा. झालर आणि फाकलेलं पोट असेल आणि आणखी मूल नको असेल, तर टमी टक. टणक ढेरी असेल तर दोन्ही नाही.

भाचीला मी माझ्या कटिंगच्या टेबलावरच झोपवून डोकं उचलायला लावलं. तीन बोटं आत गेली. म्हणजे लायपोसक्शनचे पैसे देऊन तिचं पोट तसंच पुढं राहिलं असतं. ती म्हणाली, आधी पाच किलो उतरवते, मग टमी टकचं बघू. ब्लाउज शिवायला घेतलाय, आतून दीड इंच कापड सोडून.