फिनेल, ब्लीच की साधे साबणपाणी? मांजर-कुत्रा असलेल्या घरातील फरशीसाठी निवड

फरशी पुसल्यानंतर ती वाळेपर्यंतचा काळ माणसाच्या दृष्टीने फक्त पाय न टाकण्याचा असतो. मांजर मात्र त्याच ओल्या फरशीवरून चालत जाते, खिडकीत बसते आणि एकेक पंजा चाटून स्वच्छ करते. म्हणजेच बादलीत जे घातले ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जाते. म्हणूनच एखादे उत्पादन ‘सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ते किती पातळ केले, वाळल्यावर फरशीवर काय उरते, आणि घरात मांजर आहे की कुत्रा, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

यातील तिसरी गोष्ट सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. काळ्या फिनेलमध्ये असतात तसे अनेक फिनॉलवर्गीय पदार्थ शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगे बनवते. माणूस आणि कुत्रा हे काम बऱ्यापैकी करतात. मांजरात मात्र त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे (एन्झाइमचे) जनुकच निकामी झालेले आहे, त्यामुळे असे पदार्थ त्याच्या शरीरात जास्त काळ रेंगाळतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. मांजर ही वाघाची मावशी, असे आपण म्हणतो. या बाबतीत ते नाते अगदी शब्दशः खरे आहे, कारण मार्जार कुळातील मोठ्या प्राण्यांमध्येही हा दोष आढळला आहे.

काळे फिनेल आणि पांढरे फिनेल

काळे फिनेल कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या आम्लांपासून, म्हणजे फिनॉल आणि क्रेसॉल यांसारख्या द्रव्यांपासून बनते. जंतुनाशक म्हणून ते प्रभावी आहे, याविषयी वाद नाही. परंतु मांजराच्या घरात त्याला जागा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते पातळ करून वापरल्यानेही हे मत बदलत नाही. तीव्र द्रावण कातडीवर किंवा तोंडात गेल्यास भाजते, कातडीतून शोषलेही जाते, आणि त्यानंतर लाळ गळणे, उलट्या, थरथर, तसेच यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा असा क्रम लागू शकतो. कुत्र्यालाही ते निर्धोक नाही. त्याची सहनशक्ती मांजरापेक्षा अधिक असते, एवढाच फरक.

पांढऱ्या फिनेलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्या एकाच नावाखाली अनेक वेगवेगळी मिश्रणे विकली जातात. बऱ्याच बाटल्यांमध्ये पाइन तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून घातलेला साबणी पदार्थ असतो, तर काहींमध्ये इतर जंतुनाशके असतात. पाण्यात टाकताच दुधासारखा रंग येणे ही शुद्धतेची खूण नव्हे. तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरले, एवढाच त्याचा अर्थ. पाइन तेलही मांजराला सोसत नाही. दारावर पाच लिटरच्या कॅनमध्ये येणारे सुटे फिनेल तर मुळीच घेऊ नये, कारण त्यावर घटकांची नोंदच नसते आणि काही झाल्यास पशुवैद्याला सांगायला आपल्या हाती काहीच राहत नाही.

जखम धुण्याचे डेटॉल अनेक घरांत सवयीने पुसण्याच्या पाण्यातही घातले जाते. त्यातील क्लोरोझायलेनॉल हेही फिनॉलवर्गीयच द्रव्य आहे. केवळ ‘औषधी’ वासामुळे ते मांजराला मानवते असे समजू नये.

सुगंधी फ्लोअर क्लीनर

लिंबू, लॅव्हेंडर वगैरे सुगंधांच्या फ्लोअर क्लीनरपैकी अनेकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. ते फिनॉल नाही, त्यामुळे वर सांगितलेली अडचण येथे तशीच लागू होत नाही. मात्र बाटलीतील न मिसळलेले द्रावण चाटले गेल्यास मांजराच्या जिभेवर आणि तोंडात व्रण पडतात, ताप येतो, ते खाणे सोडते. आणि ही लक्षणे काही तास उलटल्यावर दिसू लागल्यामुळे कारण लवकर ध्यानात येत नाही. लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलेले आणि पूर्ण वाळलेले द्रावण बहुतेक घरांत त्रास देत नाही. खरा धोका ‘छान वास यावा’ म्हणून घातलेल्या जादा झाकणात आहे. घरकामाच्या मावशी बादली भरत असतील तर प्रमाण त्यांना तोंडी सांगण्यापेक्षा मापाचे झाकणच बादलीजवळ ठेवावे. कुत्रा असलेल्या घरासाठी हा पर्याय स्वीकारार्ह आहे. मांजराच्या घरात तो वापरायचा असल्यास नंतर एकदा साध्या पाण्याचा हात फिरवावा.

ब्लीचची बाजू

ब्लीचच्या उग्र वासामुळे ते या सर्वांत वाईट असावे असा समज होतो, पण नीट वापरल्यास ते फिनेलपेक्षा बरे ठरते. त्यातील सोडियम हायपोक्लोराइट काम झाल्यावर विघटित होते आणि मागे मुख्यतः मीठ उरते. शिवाय काही प्रसंगी त्याला पर्यायच नसतो. कुत्र्यांचा पार्व्हो आणि मांजरांचा पॅनल्युकोपेनिया या गंभीर संसर्गजन्य आजारांचे विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकू शकतात. त्यांवर वरील सुगंधी क्लीनरचा भरवसा धरता येत नाही, ब्लीचचा मात्र धरता येतो. त्यासाठी आधी जागा साबणाने धुऊन घ्यावी, कारण मळ असेल तर ब्लीचची शक्ती वाया जाते. मग साधारण 5 टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच एका लिटर पाण्यात सुमारे 30 मिली घालून ते द्रावण 10 मिनिटे जागेवर राहू द्यावे, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन फरशी वाळवावी. तोपर्यंत प्राणी दुसऱ्या खोलीत बंद असावा.

दोन ठिकाणी ब्लीच निषिद्ध आहे. लघवी पडलेल्या जागी ते थेट ओतल्यास लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन क्लोरॅमिन हा दाहक वायू तयार होतो. आणि टॉयलेट क्लीनरमध्ये, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘ॲसिड’ म्हणतो त्यात, हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यास ते व ब्लीच एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात हे माणसालाही घातक आहे. पिंजऱ्यातील पक्ष्याला तर त्याहून कितीतरी कमी प्रमाण पुरे होते. टॉयलेट क्लीनर वापरल्यावर झाकण लावणे आणि दार बंद ठेवणे, एवढ्यावर तो विषय संपतो.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

नीलगिरी, सिट्रोनेला, लवंग, टी ट्री या तेलांचे थेंब घालून केलेली घरगुती फवारणी हल्ली लोकप्रिय आहे. वनस्पतिजन्य असली तरी यांपैकी अनेक तेले मांजराला फिनेलइतकीच नकोशी आहेत. विशेषतः टी ट्रीच्या तीव्र तेलाने मांजर व कुत्रा दोघांतही अशक्तपणा, तोल जाणे आणि थरथर अशी लक्षणे दिसतात. व्हिनेगर पातळ करून वापरल्यास प्राण्याला फारसा त्रास होत नाही, पण ते भरवशाचे जंतुनाशक नाही, आणि शहाबादी किंवा संगमरवरी फरशी चुनखडीच्या जातीची असल्याने तिची चकाकी त्याने मारली जाते. सोड्याच्या बाबतीत नाव तपासावे: खाण्याचा सोडा सौम्य आहे, तर धुण्याचा सोडा अल्कधर्मी असून तोंडाला आणि पंजांना झोंबतो.

मग रोज काय वापरावे? घरात आजारी प्राणी नसेल तर फरशीवरचे जंतू रोज मारण्याची गरज सहसा नसते. मळ, केस आणि तेलकटपणा निघाला की पुरते. त्यासाठी बादलीभर पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे काही थेंब आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात ही पद्धत मांजर, कुत्रा आणि रांगणारे मूल या तिघांनाही चालते. सुगंध नसल्यामुळे घर ‘पुसल्यासारखे’ वाटत नाही, ही तक्रार खरी आहे, पण ती आपल्या नाकाची आहे. लघवीच्या डागासाठी विकरयुक्त क्लीनरवर पैसे खर्च करणे योग्य ठरते. फिनेल वास केवळ झाकते, तर विकरे वासाचे मूळ मोडतात, त्यामुळे प्राणी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे वळण्याचा संभव कमी होतो.

आपण घरात कितीही विचारपूर्वक निवड केली, तरी सोसायटीचा जिना काळ्या फिनेलने पुसला जात असेल तर बाहेर फिरणारे मांजर ते पंजांवर घेऊनच घरात येते. अशा वेळी जिना पुसण्याची वेळ विचारून घ्यावी आणि तो वाळेपर्यंत मांजराला आत ठेवावे.

पंजांना किंवा अंगाला काही लागल्याचे दिसलेच, तर प्राण्याला चाटू न देता कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने ते धुवावे. पोटात गेले असल्याची शंका असल्यास उलटी करवू नये, कारण भाजणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे, आणि जाताना उत्पादनाची बाटली लेबलसह बरोबर न्यावी.