जुन्या बॉक्स्टरचं ऑइल: घरी बदलावं की गॅरेजला गाडी द्यावी?

अमेरिकेत सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर ९८६ (बॉक्स्टरची पहिली पिढी) घेतली की पहिल्या ऑइल चेंजलाच हा प्रश्न पडतो. सहा सिलिंडरच्या या इंजिनाला सुमारे साडेआठ लिटर ऑइल लागतं, तेही पोर्शेची ए४० मान्यता असलेलं. हा खर्च कुठेही चुकत नाही. घरी केलं तर मजुरी वाचते, एवढंच. माझं मत विचाराल तर मजुरी बाजूला ठेवा आणि फिल्टरकडे बघून ठरवा.

या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग ही दुखरी जागा. ते गेलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिनच जातं. ते झिजू लागलं की धातूचे कण ऑइलबरोबर येऊन फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टर कागदी आहे, प्लास्टिकच्या वाटीत बसतो. घरी काम केलं तर त्या वाटीतलं ऑइल पांढऱ्या कागदावर ओतता येतं, फिल्टरची एकेक घडी उलगडून उजेडात बघता येते. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवायचं. चिकटले तर ते लोखंडाचे. मग गाडी चालवायची नाही, जाणकार मेकॅनिकला गाठायचं. बेअरिंग दरवेळी आधी सूचना देतंच असं नाही, पण दिली तर ती बऱ्याचदा इथेच सापडते. घाईतल्या गॅरेजात हाच फिल्टर थेट कचऱ्यात जातो.

घरच्या कामात त्रास आहे तो गाडी उचलण्याचा. जुनं ऑइल पूर्ण निघायला हवं तर गाडी सपाट राहायला हवी, म्हणजे चारही कोपरे जॅक स्टँडवर (गाडी उचलल्यावर खाली लावायच्या पक्क्या आधारावर). नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, जीवाशी खेळ आहे. ड्रेन प्लगला (जुनं ऑइल सोडायच्या बुचाला) नवा वॉशर लावून तो ५० न्यूटन-मीटरला आवळायचा, फिल्टरची वाटी फक्त २५ ला. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नसेल तर घरी करूच नका. ऑइल मागच्या डिकीतून भरायचं.

गॅरेजात लिफ्ट असते, काम पटकन होतं, कुठे गळती असेल तर तीही दिसते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई असेल, तर दुसरा पर्यायच नाही. गॅरेज मात्र पोर्शेची इंजिनं रोज उघडणारं शोधा. फोनवरच विचारा, "जुना फिल्टर उघडून दाखवाल का?" उत्तर देताना आढेवेढे घेतले तर दुसऱ्या गॅरेजला फोन लावा.