टास्क मॅनेजर की सीपीयू-झेड?

जळगावात भाच्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजमधला टास्क मॅनेजर रॅमचा वेग ३२०० सांगतो, सीपीयू-झेड हे कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र १६००. "मामा, दुकानदारानं फसवलं!" नाही रे. डीडीआर रॅम क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर डेटाच्या फेऱ्या. सीपीयू-झेडमध्ये १३३३ दिसलं असतं तर बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगानं चालवणारी सोय, चालू करायला लावलं असतं.

प्रोसेसरच्या वेगाचा आकडा काम नसताना दोन्हीकडे घसरतो, ती विजेची बचत. भर कामात घसरला तर उष्णता बघा; मे महिन्यात इथं कॅबिनेटच्या पंख्यालाही घाम फुटतो. फक्त सीपीयू-झेडमध्ये गुणक आणि १०० मेगाहर्ट्झची बस (मूळ ठोका; दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरचा वेग) वेगळी दिसते. रोजच्याला टास्क मॅनेजर पुरे. नवी रॅम बसवली, की मी सीपीयू-झेडच उघडतो: टायमिंग, म्हणजे रॅम प्रतिसादाला किती ठोके घेते, तेही तिथंच कळतं.